पेन ड्राइव्हमधील बिघाड : कारणे, उपाय व दक्षता

शाळेचे निकालपत्रक, ग्रामपंचायतीची घरपट्टीची यादी, सहकारी संस्थेचा ताळेबंद, वाचनालयाच्या दाखलपुस्तकाची नक्कल, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे असा नाना प्रकारचा मजकूर आज पेन ड्राइव्ह नावाच्या अंगठ्याएवढ्या साधनात साठविला जातो. गावातून तालुक्याला, शाळेतून कार्यालयात आणि कार्यालयातून छापखान्यात हा मजकूर बहुधा याच साधनातून जातो. इंटरनेटचा प्रसार झाला असला, तरी मोठ्या फायली नेणे-आणणे, झेरॉक्सच्या दुकानात कागद छापून घेणे किंवा इंटरनेट नसलेल्या संगणकावर काम पोचविणे यासाठी पेन ड्राइव्हचा उपयोग अजूनही सोयीचा ठरतो.

अशा वेळी संगणकाने पेन ड्राइव्ह उघडण्यास नकार दिला, की मन धास्तावते. निकाल उद्या पाठवावयाचा असतो, लेखापरीक्षक दारात आलेले असतात. गडबडीत पडद्यावर येईल त्या प्रश्नाला होकार दिला जातो आणि थोड्या धीराने परत मिळू शकला असता तो मजकूर कायमचा नाहीसा होतो. मूळ दोषाने होते त्यापेक्षा अधिक हानी घाईने केलेल्या उपायाने होते, असे या बाबतीत वारंवार घडते. म्हणून बिघाडांचे प्रकार, त्यांची कारणे आणि उपाय कोणत्या क्रमाने करावेत, यांची माहिती प्रत्येक वापरणाऱ्याला असणे अगत्याचे आहे.

पेन ड्राइव्हची अंतर्गत रचना

संगणकाला निरनिराळी उपकरणे एकाच प्रकारच्या जोडणीने लावता यावीत, या हेतूने 'यूएसबी' ही पद्धती अनेक कंपन्यांनी मिळून सिद्ध केली. तिचा पहिला आराखडा १९९६ साली प्रसिद्ध झाला. या कामात इंटेल कंपनीतील ज्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता त्यांपैकी श्री. अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. वीज गेली तरी मजकूर टिकवून धरणारी 'फ्लॅश' स्मृती त्याआधीच जपानमध्ये तोशिबा कंपनीतील श्री. फुजिओ मासुओका यांनी शोधून काढली होती. तिची माहिती १९८४ साली जगापुढे आली. या दोन शोधांच्या संयोगातून २००० साली पेन ड्राइव्ह बाजारात आला. आरंभीच्या पेन ड्राइव्हमध्ये ८ मेगाबाइट एवढाच मजकूर मावत असे. आज सर्रास मिळणाऱ्या १६ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हमध्ये जुन्या १.४४ मेगाबाइटच्या दहा हजारांहून अधिक फ्लॉपींचा मजकूर मावतो.

पेन ड्राइव्हच्या आत मुख्यतः दोन भाग असतात. एक म्हणजे मजकूर साठविणारी स्मृती आणि दुसरा म्हणजे त्या स्मृतीचा कारभार पाहणारा नियंत्रक. स्मृतीतील सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्‌भार साठवून मजकूर नोंदला जातो. कप्पे पुसून पुन्हा लिहिण्याला मर्यादा असते आणि ठरावीक वेळा पुसल्यानंतर ते झिजतात. कोणता कप्पा झिजला, कोणता चांगला आहे, याचा हिशेब नियंत्रक ठेवतो.

याखेरीज एक तिसरी गोष्ट असते. ती डोळ्यांना दिसत नाही, परंतु बहुतेक तक्रारींचे मूळ तिच्यात असते. ती म्हणजे मजकुराची अनुक्रमणिका. ग्रंथालयात पुस्तके कपाटांत असतात आणि कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे याची नोंद सूचीत असते. सूची फाटली तर पुस्तके जाग्यावरच असतात, परंतु मागितलेले पुस्तक काढून देता येत नाही. पेन ड्राइव्हचेही तसेच आहे. फायलींची नावे आणि त्यांच्या जागा यांची नोंद अनुक्रमणिकेत असते. ती बिघडली की फायली असूनही संगणकाला सापडत नाहीत.

तेव्हा बिघाड जोडणीत आहे, नियंत्रक व स्मृती यांत आहे, की केवळ अनुक्रमणिकेत आहे, हे ओळखणे ही उपायाची पहिली पायरी होय.

उपायाचा क्रम

पेन ड्राइव्ह बिघडल्याचे दिसताच त्यावर नवे काही लिहू नये, हा पहिला नियम. मजकूर मौल्यवान असेल तर तो वाचवावयाचा आहे, साधन वाचवावयाचे नाही, हे मनाशी ठरवावे. नवा पेन ड्राइव्ह काहीशे रुपयांत मिळतो. निकालपत्रक मात्र पुन्हा तयार करण्यास पंधरा दिवस लागतात आणि पणजोबांच्या हातच्या वहीचे छायाचित्र, मूळ वही वाळवीने खाल्ली असेल तर, पुन्हा मिळतच नाही.

त्यामुळे ज्या उपायांनी पेन ड्राइव्हमधील मजकुराला धक्का लागत नाही ते आधी करावेत. पोर्ट बदलून पाहणे, संगणक बदलून पाहणे, फायली दुसरीकडे उतरवून घेणे हे उपाय या वर्गात येतात. पेन ड्राइव्हवर फेरफार करणारे उपाय, म्हणजे तपासणी व दुरुस्ती, त्यानंतर करावेत. मजकूर पुसणारा 'फॉरमॅट' हा उपाय सर्वांत शेवटी आणि मजकूर हाती आल्यावरच योजावा.

संगणक पेन ड्राइव्ह ओळखतच नाही

पेन ड्राइव्ह लावला की संगणक त्याची विचारपूस करतो. हे साधन कोणते, कोणत्या कंपनीचे, किती क्षमतेचे, असे प्रश्न विचारले जातात आणि नियंत्रक त्यांची उत्तरे देतो. ही देवाणघेवाण क्षणात पुरी होते. ती पुरी न झाल्यास 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइझ्ड' असा संदेश पडद्यावर येतो. 'जोडलेले साधन ओळखता आले नाही', असा त्याचा अर्थ आहे. काही वेळा तर संदेशही येत नाही व पेन ड्राइव्हचा दिवाही लागत नाही.

अशा वेळी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) पेन ड्राइव्ह काढून संगणकाच्या मागील बाजूच्या पोर्टला लावून पाहावा. टेबलावरील संगणकाच्या पेटीत मागील पोर्ट मुख्य पाटीवरच बसविलेले असतात. पुढील पोर्ट मात्र पेटीतून नेलेल्या तारेने जोडलेले असतात. ती तार सैल होणे, पुढील पोर्टमध्ये धूळ बसणे, सततच्या वापराने त्यातील पट्ट्या वाकणे हे प्रकार नेहमीचे आहेत. त्यामुळे पुढील पोर्टला न चालणारा पेन ड्राइव्ह मागील पोर्टला सुरळीत चालल्याचे पुष्कळदा आढळते.

२) पेन ड्राइव्ह लांब तारेने किंवा एका पोर्टचे चार पोर्ट करणाऱ्या 'हब'ने जोडला असेल, तर तो थेट संगणकाला लावावा. यूएसबी २.० पद्धतीच्या पोर्टमधून ५ व्होल्ट दाबाने अधिकात अधिक ५०० मिलिअँपिअर आणि ३.० पद्धतीच्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीजप्रवाह घेण्याची मुभा असते. एकाच हबवर अनेक उपकरणे लावली की ही वीज त्यांत वाटली जाते आणि पेन ड्राइव्हला ती अपुरी पडते.

३) संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. विचारपूस करणारी यंत्रणा कधी कधी अडकून पडते. ती नव्याने सुरू होताच दोष नाहीसा होतो.

४) तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला आणि दुसरा चांगला पेन ड्राइव्ह याच संगणकाला लावून पाहावा. पहिला पेन ड्राइव्ह दुसरीकडे चालला तर दोष संगणकात आहे. तो कोठेही न चालता दुसरा पेन ड्राइव्ह येथे चालला, तर दोष पेन ड्राइव्हमध्ये आहे. ही उलटसुलट चाचणी सोपी असूनही पुष्कळदा केली जात नाही आणि निष्कारण खर्च होतो.

५) दोष संगणकात आढळल्यास विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स' या शीर्षाखाली ज्या नोंदीपुढे पिवळे चिन्ह दिसेल ती 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'ने काढून टाकावी व संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज ती नोंद नव्याने तयार करते. याने पेन ड्राइव्हमधील मजकुराला काही होत नाही. मात्र ज्या संगणकाचा कळफलक व माउसही यूएसबीचे आहेत तेथे त्यांच्या नोंदी चुकून काढल्या जाणार नाहीत, याची खबरदारी घ्यावी.

धातूच्या टोकावर मळ किंवा गंज दिसत असेल, तर तो स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडाने पुसावा. समुद्रकाठच्या गावांत पावसाळ्यातील दमट व खारट हवेने असा थर लवकर चढतो. पोर्टमध्ये टाचणी किंवा सुई घालून तो खरवडू नये. त्याने आतील पट्ट्या एकमेकींना चिकटून वीजमंडल बिघडण्याचा संभव असतो. पेन ड्राइव्ह पाण्यात पडला किंवा कपड्यांबरोबर धुतला गेला, तर तो तत्काळ लावून पाहू नये. सावलीत दोन-तीन दिवस पूर्ण वाळू द्यावा. वाळल्यानंतर तो चालण्याची शक्यता पुष्कळ असते. ओला असताना वीज दिल्यास मात्र तो जळतो.

काही कार्यालयांत सुरक्षिततेच्या कारणास्तव पेन ड्राइव्हचा वापर हेतुपुरस्सर बंद ठेवलेला असतो. तेथे कोणताच पेन ड्राइव्ह चालणार नाही. हा बिघाड नव्हे. अशा ठिकाणी युक्त्या न करता संबंधित अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी.

ओळख पटते, परंतु पेन ड्राइव्ह दिसत नाही

पेन ड्राइव्ह लावल्याचा आवाज येतो, दिवा लागतो, परंतु 'धिस पीसी' या ठिकाणी त्याचे नाव दिसत नाही, असाही अनुभव येतो. विंडोज प्रत्येक साधनाला रोमन लिपीतील एक अक्षर देते. संगणकाला जाळ्यातून जोडलेले एखादे फोल्डर किंवा कार्ड वाचणारे यंत्र तेच अक्षर अडवून बसले असेल, तर पेन ड्राइव्हला अक्षर मिळत नाही व तो दृष्टीआड राहतो.

यासाठी 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. तेथे जोडलेल्या सर्व साधनांची यादी दिसते. पेन ड्राइव्ह आपल्या योग्य क्षमतेसह तेथे असेल, तर त्यावर माउसची उजवी कळ दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडावे व रिकामे अक्षर द्यावे. मजकूर लगेच दिसू लागतो. मात्र या यादीत संगणकाची स्वतःची डिस्कही असते. ती चुकून निवडल्यास मोठा अनर्थ ओढवेल, म्हणून क्षमतेचा आकडा दोनदा वाचल्यावाचून कोणतीही कळ दाबू नये.

त्याच ठिकाणी पेन ड्राइव्हपुढे 'नो मीडिया' असे लिहिलेले दिसले, किंवा तो उघडताना 'प्लीज इन्सर्ट अ डिस्क' असा संदेश आला, तर त्याचा अर्थ निराळा आहे. नियंत्रक जागा आहे, परंतु त्याचा स्मृतीशी संबंध तुटला आहे, असे समजावे. हा दोष घरगुती उपायांनी दूर होत नाही.

'फॉरमॅट करा' असे संगणक सांगतो तेव्हा

सर्वांत अधिक नुकसान ज्या संदेशामुळे होते तो हा. पेन ड्राइव्ह लावताच 'यू नीड टु फॉरमॅट द डिस्क' अशी सूचना येते व तिच्याखाली 'फॉरमॅट डिस्क' आणि 'कॅन्सल' अशी दोन बटणे असतात. 'डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉरमॅट करणे आवश्यक आहे', असा तिचा शब्दार्थ होतो. संगणक सांगतो म्हणजे तसे केलेच पाहिजे, अशी अनेकांची समजूत होते. वस्तुतः संगणकाला एवढेच म्हणावयाचे असते की त्याला अनुक्रमणिका वाचता आली नाही. मजकूर जाग्यावर आहे की नाही, याबद्दल त्याने काहीच सांगितलेले नसते. या ठिकाणी 'कॅन्सल' हेच बटण दाबावे.

अनुक्रमणिका बिघडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे लिहिण्याचे काम चालू असताना वीज जाणे किंवा पेन ड्राइव्ह ओढून काढणे. अर्धी नोंद जुनी व अर्धी नवी अशी तिची स्थिती होते. पेन ड्राइव्ह पूर्णपणे चांगला असतानाही हा संदेश येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. मॅक किंवा लिनक्स पद्धतीच्या संगणकावर तयार केलेल्या काही पेन ड्राइव्हची अनुक्रमणिका विंडोजला वाचता येत नाही व तेव्हाही ते फॉरमॅटचाच आग्रह धरते. म्हणून तो पेन ड्राइव्ह यापूर्वी कोणत्या संगणकावर वापरला होता याची चौकशी करावी व तेथे तो उघडून पाहावा.

तेथेही तो उघडला नाही, तर 'टेस्टडिस्क' व 'फोटोरेक' या दोन विनामूल्य प्रणालींचा उपयोग होतो. फॅट-३२ पद्धतीच्या अनुक्रमणिकेच्या सामान्यतः दोन प्रती ठेवलेल्या असतात आणि पेन ड्राइव्हच्या आरंभीच्या माहितीचीही एक राखीव प्रत असते. टेस्टडिस्क या राखीव प्रतींच्या आधारे मोडलेली घडी पुन्हा बसवू शकते. फोटोरेक मात्र अनुक्रमणिकेकडे न पाहता कपाटेच चाळते आणि ओळखू येतील त्या फायली बाहेर काढते. त्यामुळे फायलींची मूळ नावे जातात, परंतु मजकूर हाती लागतो. काढलेल्या फायली संगणकाच्या डिस्कवर ठेवाव्यात, त्याच पेन ड्राइव्हवर कदापि ठेवू नयेत.

चुकून पुसलेल्या फायलींनाही हेच लागू आहे. फाईल पुसली म्हणजे तिची अनुक्रमणिकेतील नोंद काढली जाते व तिची जागा रिकामी समजली जाते. त्या जागी नवा मजकूर लिहिला जाईपर्यंत जुना परत मिळण्याची आशा असते. 'क्विक फॉरमॅट'मध्येही बहुतांशी अनुक्रमणिकाच नवी होते. पूर्ण फॉरमॅटने मात्र सर्व कप्पे पुसले जातात.

दुरुस्तीची सोय केव्हा वापरावी

पेन ड्राइव्ह उघडतो, परंतु एखादी फाईल उघडताना ती बिघडलेली व न वाचता येण्याजोगी असल्याचा संदेश येतो, अशा वेळी उघडत असलेल्या सर्व फायली प्रथम संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्यानंतर पेन ड्राइव्हच्या नावावर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज', 'टूल्स' व 'चेक' असे क्रमाने निवडावे. विंडोज अनुक्रमणिका तपासून तिच्यातील विसंगती दूर करते. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. ही दुरुस्ती पेन ड्राइव्हवर लिहूनच केली जाते, म्हणून ती फायली उतरविण्यापूर्वी करू नये. मरणोन्मुख पेन ड्राइव्हवर तिने असलेला मजकूरही जाण्याचा धोका असतो.

लिहिण्यास मज्जाव

'द डिस्क इज राइट प्रोटेक्टेड' हा संदेश आला, की पेन ड्राइव्हमधील फायली वाचता येतात, परंतु नव्या ठेवता येत नाहीत. काही पेन ड्राइव्हच्या व कार्डांच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो खिशात घासून सरकतो. प्रथम तो पाहावा. खटका नसेल तर दुसऱ्या संगणकावर लिहून पाहावे. तेथे लिहिता आले, तर पहिल्या संगणकावर प्रतिबंध घातलेला आहे, असे समजावे.

कोठेही लिहिता येत नसेल, तर ती गंभीर सूचना होय. स्मृतीचे कप्पे झिजून राखीव कप्पेही संपले की अनेक नियंत्रक लिहिणे बंद करतात व केवळ वाचू देतात. हा त्या साधनाचा अखेरचा उपकार असतो. त्याचा लाभ घेऊन सर्व मजकूर त्याच दिवशी उतरवून घ्यावा. मज्जाव उठविण्याच्या नाना युक्त्या सांगितल्या जातात. 'डिस्कपार्ट' या आज्ञाप्रणालीने तो काही वेळा उठतोही. परंतु त्या प्रणालीत डिस्कचा क्रमांक चुकला, तर संगणकाची स्वतःची डिस्क कोरी होऊ शकते. जाणकाराखेरीज इतरांनी तिच्या वाटेस जाऊ नये.

फायली नाहीशा झाल्या की लपल्या ?

झेरॉक्सच्या दुकानातून परत आल्यावर पेन ड्राइव्हमधील सर्व फोल्डरांच्या चिन्हांवर लहानसा बाण दिसू लागतो. त्यावर टिचकी मारली तर भलतेच काही होते आणि आतील मजकूर गायब झाल्यासारखा वाटतो. हा घातक प्रणालीचा, म्हणजे बोलभाषेत 'व्हायरस'चा, परिणाम होय. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताच त्यातील प्रणाली आपोआप सुरू होत असे व व्हायरस त्याच वाटेने पसरत. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये ती वाट बंद करण्यात आली आणि २०११ साली जुन्या विंडोजसाठीही तशी सुधारणा देण्यात आली. तेव्हा व्हायरस निराळी युक्ती योजू लागले. ते खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे खोटे चिन्ह पुढे ठेवतात. वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्यावर टिचकी मारावी, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

मजकूर बहुधा सुरक्षित असतो. बाण असलेल्या चिन्हाला हात न लावता प्रथम व्हायरसविरोधी प्रणाली अद्ययावत करावी आणि संगणक व पेन ड्राइव्ह दोन्ही तपासून घ्यावेत. संगणक दूषित राहिला तर स्वच्छ केलेला पेन ड्राइव्ह लावताच पुन्हा दूषित होतो. नंतर 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये जाऊन लपविलेल्या फायली दाखविण्याची सूचना द्यावी व 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' यापुढील खूण काढावी. मूळ फोल्डर फिकट रंगात दिसू लागतात. त्यांतील कागदपत्रे व छायाचित्रे तेवढी उतरवून घ्यावीत, अनोळखी फायली घेऊ नयेत. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा व काढलेली खूण पुन्हा करावी.

जागा असूनही फाईल मावत नाही

पेन ड्राइव्हमध्ये १० गिगाबाइट जागा मोकळी असताना ५ गिगाबाइटची चलत्‌चित्राची फाईल घेतली जात नाही व 'फाईल फार मोठी आहे' असा संदेश येतो. यात बिघाड काही नाही. फॅट-३२ पद्धतीच्या अनुक्रमणिकेत ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठ्या एका फाईलची नोंद करता येत नाही. मजकूर उतरवून घेऊन पेन ड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट केल्यास ही अडचण दूर होते. मात्र काही जुने दूरचित्रवाणी संच व ध्वनियंत्रे एक्सफॅट वाचत नाहीत, याचा विचार आधी करावा.

१६ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह संगणकात १४.९ एवढाच दिसतो, म्हणून दुकानदाराने फसविले, असेही काहींना वाटते. निर्माते एक गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात, तर विंडोज १०७ कोटी ३७ लक्ष ४१ हजार ८२४ बाइटांचा एक धरते. फरक मापाचा आहे. खरी फसवणूक निराळी असते. अवाच्या सवा क्षमतेचा आकडा छापलेले स्वस्त पेन ड्राइव्ह बाजारात येतात. त्यांचा नियंत्रक संगणकाला खोटी क्षमता सांगतो. खऱ्या क्षमतेपलीकडे लिहिलेला मजकूर नावापुरता दिसतो, परंतु उघडत नाही. असा गेलेला मजकूर कोणत्याही उपायाने परत येत नाही, कारण तो कधी लिहिलाच गेलेला नसतो. नवा पेन ड्राइव्ह पूर्ण भरून, त्यातील फायली पुन्हा उघडून पाहिल्यावरच महत्त्वाच्या कामाला लावावा.

अक्षरे बदललेली दिसतात

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते. घरी नीट दिसणारी फाईल कार्यालयात उघडताच तिच्यात रोमन अक्षरे व चिन्हे यांची निरर्थक जुळणी दिसते व दोष पेन ड्राइव्हवर ढकलला जातो. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टंकलेखन केलेला मजकूर तो अक्षरसंच नसलेल्या संगणकावर असाच दिसतो. फाईल शाबूत असते. तोच अक्षरसंच दुसऱ्या संगणकावर बसवावा किंवा मजकुराचे युनिकोड पद्धतीत रूपांतर करून घ्यावे. नवे लेखन युनिकोडमध्येच केल्यास ही अडचण उद्‌भवत नाही.

काढण्याची रीत व नित्याची दक्षता

बिघाड टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे पेन ड्राइव्ह रीतीने काढणे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील चिन्हावरून 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' किंवा 'इजेक्ट' ही सूचना द्यावी व परवानगीचा संदेश आल्यावरच पेन ड्राइव्ह ओढावा. २०१८ सालच्या सुधारणेपासून विंडोज १० मध्ये, लिहावयाचा मजकूर विंडोज सहसा मागे राखून ठेवीत नाही. तरीही लिहिणे चालू असताना साधन काढले गेल्यास हानी ही होणारच. साधन वापरात असल्याचा संदेश आला, तर उघड्या फायली बंद कराव्यात. एवढ्यावर भागले नाही, तर संगणक बंद करून मग पेन ड्राइव्ह काढावा.

पेन ड्राइव्हवरील फाईल तेथेच उघडून तिच्यात फेरफार करीत बसू नये. ती संगणकावर घ्यावी, काम पुरे करावे व मग परत पेन ड्राइव्हवर ठेवावी. दुकानात छापण्यासाठी नेताना जरूर तेवढीच फाईल असलेला वेगळा पेन ड्राइव्ह न्यावा. आधारपत्रे, बँकेची खाती, विद्यार्थ्यांची माहिती असलेला पेन ड्राइव्ह अनोळखी संगणकाला लावू नये व दुरुस्तीसाठीही विश्वासू हातीच द्यावा. रस्त्यात किंवा कचेरीच्या आवारात सापडलेला पेन ड्राइव्ह कुतूहलाने लावून पाहू नये.

पेन ड्राइव्ह हे मजकूर वाहून नेण्याचे साधन आहे. तो कायमचा साठवून ठेवण्याचे नाही. दीर्घकाळ न वापरता ठेवलेल्या स्मृतीतील विद्युत्‌भार हळूहळू ओसरतो, हेही त्याचे एक कारण होय. महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक निराळ्या वास्तूत असावी, हा जाणकारांचा दंडक आहे. एक प्रत शाळेच्या संगणकावर, दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर व तिसरी केंद्रशाळेत किंवा इंटरनेटवरील साठ्यात, अशी व्यवस्था कोणत्याही लहान संस्थेला करता येईल. दर शनिवारी प्रत काढण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे व त्याची नोंद वहीत ठेवावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाईल उघडून पाहावी, म्हणजे प्रत खरोखर उपयोगी आहे याची खात्री राहील.

एवढी व्यवस्था असेल, तर पेन ड्राइव्ह बिघडला म्हणून निकाल अडणार नाही व ताळेबंदही राहून जाणार नाही. ती नसताना बिघाड उद्‌भवलाच, तर लिहिणे थांबवावे, पोर्ट व संगणक बदलून पाहावेत, उघडेल ते उतरवून घ्यावे, आणि फॉरमॅटचा प्रश्न समोर आला असता मजकूर हाती येईपर्यंत त्यास नकारच द्यावा.